मिस्त्रीकाका आणि गवताची मशीन

मिस्त्रीकाकांच्या शर्टाच्या खिशाला कायम एक सेफ्टीपिन असायची. त्या खिशात पैसे किंवा चष्मा नसायचा, दुरुस्तीला आलेल्या इंजिनाचा स्पार्क प्लग असायचा. पात्याखाली हात घालायचा म्हणजे आधी प्लग काढायचा, खिशात टाकायचा, वरून पिन लावायची. "मशीन मेली पायजे बाई, अन् ते मेली हे मशीनीलेबी समजलं पायजे," असं म्हणून मगच ते खाली वाकत. चाळीस वर्षं लोखंडात घालवलेल्या या माणसाची दहाही बोटं शाबूत होती, आणि ती ते लोकांना मोजून दाखवत.

परतवाडा रस्त्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, चार बल्ल्या आणि वर टिनपत्रे. आमच्या पंचक्रोशीतली थ्रेशर, पेरणीयंत्रं, फवारणीचे पंप, सगळं तिथेच यायचं. काका कमी बोलत आणि कामाला वेळ लावत. मी जात्याच तापट. आमची पहिली भेट भांडणानेच झाली, हे सांगायला नकोच.

झालं असं की माझे यजमान अमरावतीला नोकरीला, आणि सासऱ्यांच्या मागे संत्र्याची बाग माझ्या गळ्यात पडली. बागेला लागून मोठं कुरण. पावसाळा संपला की तिथलं गवत माणसाच्या छातीला लागायचं, आणि माघ-फाल्गुनात वाळून कडकडीत झालं की कुठून तरी पेटायचंच. बागेच्या कडेने दहा-बारा हात रुंद पट्टा साफ ठेवला तरच झाडं वाचणार. पण त्या दिवसांत तूर-हरभऱ्याची कामं. मजूर कोण देतो? मग मी अमरावतीहून एका कॉलेजच्या मैदानावरची मोडीत निघालेली गवत कापायची मशीन आणली. हँडल धरून मागून ढकलत चालवायची. कुरणात घातली तर दोन पावलांत गवत गुंडाळून बंद पडली. तशीच काकांच्या दुकानात नेली.

"हे मशीन हजामत करणारी हाये," काका म्हणाले. "तुमाले तं जंगल तोडाचं हाये."

"मग होईल की नाही ते सांगा!"

"होईन. पण तुमच्या घाईनं नाही होईन."

तीन आठवडे लावले त्यांनी. पुढचा पत्रा कापून तोंड उघडं केलं, म्हणजे उंच गवत पत्र्याखाली न दबता थेट आत यावं. वर एक आडवा पाइप लावला. तो गवताला आधी पुढे वाकवायचा आणि मग पातं बुडाशी लागायचं. लहान चाकं काढून जुन्या पेरणीयंत्राची मोठी चाकं बसवली. अखंड पात्याऐवजी टेम्पोच्या स्प्रिंगच्या पाट्याचे दोन तुकडे बोल्टवर सैल टांगले, दगड लागला तर मागे दुमडावेत म्हणून. गवताचं कुसळ इंजिनात जाऊ नये म्हणून हवेच्या जाळीवर काकूंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला. काकू दुकानात येऊन ओरडून गेल्या, "लुगडं मायं, अन् नाव मिस्त्रीचं!" काका नुसते हसले.

चालवायलाही त्यांनीच शिकवलं. आधी पातं उंच ठेवून एक फेरी, मग खाली घेऊन दुसरी. प्लग काढायचा कसा, लावायचा कसा, जादाचा प्लग हत्यारांच्या डब्यात कुठे ठेवला आहे, सगळं. आणि एक नेम घालून दिला: पट्ट्यातून आधी पायी चालायचं, पायाने गवत चाळवत, टोपल्यात दगड वेचत. मी म्हटलं, पातं तर दुमडतं ना? तर म्हणाले, "पातं वाचते बाई, गवत नाही वाचत. गोट्यावर लोखंड गेलं का ठिणगी उडते."

पहिली दोन वर्षं पट्टा वेळेवर निघाला. तिसऱ्या वर्षी मशीन बिघडली आणि उशीर झाला. काका स्वतः मशीन घेऊन बागेवर आले. दोन दिवसांत बराच पट्टा मारून झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी, नाल्याकडचा शेवटचा तुकडा राहिलेला असताना, कुरणाच्या पलीकडच्या टोकाला धूर दिसला.

वारा आमच्याकडेच होता. चारशे झाडं, अन् मृग बहाराची फळं तोडायची बाकी. मी ओरडले, "काका, मारा पटकन!"

त्यांनी मशीन बंद केली, प्लग काढला, खिशात टाकला, पिन लावली आणि टोपलं उचललं.

"अहो, आता दगड वेचता? डोळे फुटले काय तुमचे? आग दिसून नाही राहिली?"

"दिसून राहिली. हा तुकडा सगळा गोट्याचा हाये. आग तिकून येऊन राहिली, तू इकून लावशीन काय?"

ते वाकून दगड वेचत पुढे गेले. एक एक दगड उचलत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. आता ज्वाळा दिसत होत्या, तडतड ऐकू येत होती. मी डबा उघडला. जादाचा प्लग लावला, दोरी ओढली. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झाली. काका वळले, दोन्ही हात हलवत धावत आले, "बंद कर! बंद कर बाई!"

मी चार पावलंसुद्धा गेले नसेन. खाडकन आवाज झाला, आणि माझ्या पायाशी गवत पेटलं.

काकांनी मला मागे ढकललं आणि ते ओल्या पोत्याने आग झोडपायला लागले. हात भाजले त्यांचे. पण वाऱ्याने ती आग नाल्याच्या काठाकाठाने नेली आणि धुऱ्यापलीकडच्या, आमच्या बांधाला लागून शेत असलेल्या देवरावजींच्या तुरीच्या गंजीला लावली. वर्षाची तूर अर्ध्या तासात राख झाली. नाल्याकडचा तुकडा आधीच जळून मोकळा झाला होता, आणि कुरणातली मोठी आग काकांनी मारलेल्या पट्ट्यापाशी येऊन विझली. माझं एकही झाड जळलं नाही.

गाव जमलं. देवरावजी विचारत होते, "कोणं चालवली मशीन?" काका भाजलेले हात पाठीमागे धरून म्हणाले, "म्या चालवली. माह्या हातून झालं."

आणि मी गप्प बसले. गावात राहायचं होतं, शेजार होता, सासरचं नाव होतं. कारणं हजार, पण खरं एकच: मी भ्याले.

त्यानंतर लोक त्यांच्याकडे मशीन न्यायला कचरू लागले. "मिस्त्रीनं आग लावली" हे त्यांच्या नावाला चिकटलं. मी एकदा दुकानात जाऊन म्हटलं, "काका, मी सांगून टाकते सगळ्यांना." ते पाना फिरवत म्हणाले, "तूर वापस येईन काय त्यानं? राहू दे." मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी लगेच ऐकलं. आजही बागेत मी दगड वेचल्याशिवाय पट्टा मारत नाही, पण त्याचं कौतुक मी कुणाला कोणत्या तोंडाने सांगू?

सात वर्षांनी, गेल्या पावसाळ्यात काका गेले. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, अख्खं गाव होतं, देवरावजीही होते. बुद्धवंदना झाली, दोघे-तिघे बोलले. मग मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. प्लग कुणी लावला, दोरी कुणी ओढली, सगळं. देवरावजी खाली बघत राहिले.

काकू पांढऱ्या लुगड्यात समोर बसल्या होत्या. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मला जवळ बोलावून अगदी हळू म्हणाल्या, "सात वर्सं मी त्याले बोलली बाई. उठता-बसता. दुसऱ्याले गोटे वेचाले लावते अन् सोता आग लावते, म्हणे मी. त्यो आयकून घे, अन् जेवाले बसे. आता मी माफी कोणाले मागू, सांग."