पाळण्याखालून आलेला कुकारा

मी तिसरीपर्यंत शिकलो. तेवढ्यावर सही येते, बसची पाटी वाचता येते आणि हे असलं लिहिता येतं. तोंडानं सांगायला गेलो तर नात अर्ध्यातच हसायला लागते, म्हणून लिहून ठेवतो. नाव कुणाचंच घालणार नाही. बायकोचं तर नाहीच.

त्या दिवशी आम्ही दोघं सकाळीच आष्टीच्या स्टँडवर येऊन बसलो होतो. बीडला लेकीकडं जायचं होतं. शेवटची मेंढरं विकली तेव्हापासून उठल्यावर कुठं जावं ते मला कळत नव्हतं, म्हणून ती मला काहीतरी निमित्त करून घराबाहेर काढायची. बीडची गाडी येता येईना. तेवढ्यात नगरकडची गाडी लागली, कंडक्टर ओरडला, आणि ही उठून पिशवीसकट तिकडं निघाली.

"अगं, ती बीडची न्हाई."

"ठावं हाय मला. नातीची सहल गेलती ते बागेतलं ठिकाण ह्याच वाटंला हाय. मोठा पाळणा हाय म्हणं तितं."

"पाळण्यात बसायचं वय हाय का आपलं?"

"वय हुतं तवा तरी कुठं बसवलंत?"

मी गप गाडीत चढलो.

तिचं खोटं नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या साली आमच्या देवाच्या जत्रेत लाकडी पाळणा आला होता, चार गडी तो हातानं फिरवायचे. ही त्याच्यापुढं उभी राहिली आणि मी चालत राहिलो. आमच्यात गडी पुढं चालतो, बाई मागं. गड्यानं मागं वळून बघायचं नाही. बघितलं की चारचौघं म्हणतात, बायकोला दावं बांधून आणलंस काय बे. वेशीपाशी ती धापा टाकत आली. "बसू की पाळण्यात," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, पुढल्या साली. पुढल्या साली आम्ही मेंढरं घेऊन लांब गेलतो. त्याच्या पुढल्या सालीही. मग लेकरं झाली. तिनं विचारायचं सोडलं आणि मी समजलो, विसरली.

बागेच्या गेटवर राखणदारानं आम्हाला अडवलं.

"बाबा, काठी आत चालत न्हाई. अन्‌ भाकरी पण न्हाई."

"कावून? भाकरी चावती का कुणाला?"

"नियम हाय."

"मग आमी येतच न्हाई," म्हणून मी माघारी वळलो. ही मात्र गेटच्या सावलीत फतकल मारून बसली आणि फडकं सोडलं. "पोटात घालून न्हेली तर चालंल ना, भाऊ?" राखणदार हसायला लागला. अर्धी भाकरी आणि ठेचा त्यालाही दिला. मग माझी काठी त्यानं आपल्या खोलीत नीट उभी करून ठेवली. तिकिटाच्या खिडकीवर आमच्या मनगटाला कागदी पट्टे चिकटवले. आम्ही मेंढराच्या कानाला खूण करायचो, ह्यांनी मनगटाला केली.

आत लई गलका. पाण्याचा आवाज, गाणी, पोरांच्या किंकाळ्या. हातात काठी नसल्यानं हात कुठं ठेवावा कळेना, म्हणून दोन्ही हात मागं बांधून मी आपला पुढं चाललो. चालता चालता बोलतही होतो. ते बघ, धडधाकट माणसं मोटारी मुद्दाम एकमेकींवर घालतायत. ती बघ, बाईमाणूस घसरगुंडीवर. पाळण्यावरूनही गेलो. लोखंडाचा, तीन मजली माडीएवढा. म्हणालो, "एवढ्या उंचावर चक्कर यील तुला. राहू दे."

"हो काका," मागून कुणीतरी म्हणालं.

वळून बघितलं. परकीच एक बाई, हातात कुल्फी. ती पण दचकली, मी पण. माझी बायको कुठंच नव्हती.

आयुष्यभर मागं न बघता चाललो ते पावलांच्या भरवशावर. तिच्या जोडव्यांचा आवाज मला कळायचा. आणि इथं त्या गाण्यांच्या धुडगुसात ती कधी थांबली, कुठं थांबली, ते कळलंच नाही. आधी म्हणालो, येईल. मग एका बाकावर बसलो, म्हणालो, येईलच. मग उठून पाण्याकडं गेलो, बायकांच्या न्हाणीकडं गेलो, मोटारींकडं गेलो. कुणाला विचारलं नाही. बायको हरवली म्हणून विचारायचं कसं? पण तिन्हीकडं ती दिसली नाही तेव्हा गेलो त्या खोलीत, जिथून भोंग्यावर बोलतात.

तिथली पोरगी चांगली होती. खुर्ची दिली, पाणी दिलं. "आजोबा, आजींचं नाव सांगा, मी पुकारते."

"आमी नाव घेत न्हाई."

"अहो, घ्यावं लागेल. नाहीतर त्यांना कसं कळणार?"

"म्हण, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर."

"तशा खूप असतील आजोबा."

तशी एकच आहे, हे तिला काय सांगणार. नाव माझ्या जिभेवर आलं होतं. पण उभ्या जन्मात लग्नातला उखाणा सोडला तर ते मी मोठ्यानं उच्चारलेलं नाही, आणि आता हजार परक्या माणसांच्या डोक्यावरून भोंग्यातून घालवायचं? नाही जमलं. मी म्हणालो, "बाई, ते यंत्र माझ्या तोंडापुढं धर."

आमचा फिरता संसार होता तेव्हाची रीत सांगतो. मी मेंढरं घेऊन पुढं जायचो. ती सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून वेगळ्या वाटेनं मागून यायची. कोंबड्या, तवा, घोड्यावर बांधलेलं लेकरू. दिवस कलताना मी मुक्कामाची जागा धरायचो आणि उंचवट्यावर उभा राहून दोन्ही हात तोंडाशी लावून कुकारा द्यायचो. लांब हेल, शेवटी दोन तुटके. धारूरच्या डोंगरात तो फिरून फिरून यायचा. तरी ती बरोबर ओळखायची आणि घटकाभरात घोडं दिसायचं. एकदाही चुकली नाही. उलट कुकारा ती द्यायची नाही, बायकांनी देऊ नये अशी आमची रीत. ती यायची, तेच तिचं उत्तर.

तो कुकारा मी त्या भोंग्यात दिला.

सगळी बाग गप झाल्यासारखी वाटली. पोरगीनं कानावर हात घेतले. बाहेर लोक हसले. मी दाराकडं बघत उभा राहिलो. घटकाभर थांबलो. ती आली नाही. इतक्या वर्षांत हाकेला आली नाही असं झालं नव्हतं.

आणि मग लांबून, पाळण्याच्या बाजूनं, बारीक आवाजात आला. लांब हेल, शेवटी दोन तुटके.

मी तसाच निघालो. चप्पल खोलीतच राहिली, ती नंतर त्या पोरीनं आणून दिली. ही पाळण्याच्या रांगेत कठड्याला टेकून उभी होती, पदर दातात धरून. कुकारा दिल्यावर भोवतीची माणसं तिच्याकडं बघत होती त्याची लाज, आणि डोळ्यांत पाणी.

"यायला काय झालतं तुला?" मी ओरडलो.

"मी हितंच हुते. हरवलात तुमी."

"कुकारा ऐकला न्हाईस?"

"ऐकला की. पन्नास वर्सं त्याच्यामागं आले. आज म्हणलं बघू, तुमी येता का."

रांग पुढं सरकली तसे आम्ही सरकलो. पाळणा चालवणाऱ्या माणसानं आम्हाला एका बाकड्यावर शेजारी शेजारी बसवलं आणि वरून लोखंडी दांडा लावला. गाडीतसुद्धा ती बायकांत बसायची आणि मी गड्यांत. खांद्याला खांदा लावून दिवसाउजेडी आम्ही कधी बसलोच नव्हतो. वर गेल्यावर मी डोळे मिटले होते असं ती सगळ्यांना सांगते. खोटं आहे. ऊन लागत होतं.

"त्या डोंगराच्या पल्याड आपलं असंल," ती म्हणाली.

"न्हाई. आपलं डावीकडं."

"मग हात करून दावा की."

दांडा सोडून हात करायची माझी छाती झाली नाही. तिनंच माझा हात धरून डावीकडं केला. मग परत दांड्यावर ठेवला, आणि आपला हात माझ्या हातावर तसाच राहू दिला. दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही वेळा वर गेल्यावर जत्रेतली ती, धापा टाकत वेशीपाशी आलेली, माझ्या डोळ्यांपुढं आली.

निघताना राखणदारानं काठी दिली. ती हातात आल्याबरोबर सवयीनं मी पुढं निघालो. चार पावलांवर थांबलो आणि वळून बघितलं. ती पण थांबली होती.

"चला की," ती म्हणाली.

"तू चल."

"मी कशाला? तुमी चला."

गेटात मागं माणसं खोळंबली. राखणदार म्हणाला, "अवं बाबा, कुणीतरी चला!"