अंडीवाल्याचे दोन प्रवेश

बार्नबी क्रम्प तीस वर्षं नाटकात होता आणि त्या तीस वर्षांत एकाही नाटकात काय घडतं हे त्याला ठाऊक नव्हतं. यात चेष्टा नाही. दुसऱ्या नाटक मंडळीनं चोरू नये म्हणून अख्खं नाटक मालकाच्या पेटीत कुलूपबंद असायचं. नटाच्या हाती पडायची ती कागदाची अरुंद गुंडाळी. तिच्यात त्याची नक्कल तेवढी: स्वतःची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द. ते खुणेचे शब्द कानावर पडले की तोंड उघडायचं, नाही पडले तर गप्प बसायचं. राजा का चिडलाय, विष कुणी घातलं, हे शहाणे नट एकमेकांना विचारून घेत. बार्नबी विचारत नसे. त्याला वाचताही येत नसे. त्याची नक्कल बायको वाचून दाखवायची आणि तो कांदे सोलता सोलता पाठ करायचा.

मुळात तो नाटकात शिरला तोही न समजताच. एसेक्सहून बदकं विकायला लंडनला आला होता. एका सराईच्या अंगणात बदकं सुटली आणि फळ्यांच्या मांडवावर चढली, हा मागे धावला. मांडवावर नाटक चालू आहे हे त्याला लोक हसायला लागल्यावर कळलं. मालकानं बदकंही घेतली आणि हाही ठेवून घेतला. तेव्हापासून बहिरा गाडीवान, खादाड नोकर, गावंढळ नवरा, सगळी सोंगं त्याची. पायाला घुंगरू बांधून शेवटचा नाचही त्याचाच.

त्या नाचाला सगळ्यात मोठ्यानं हसणारी मुलगी म्हणजे सिसली. हसली की शेवटी तिला उचकी लागायची. ती उचकी ऐकली की आजचं काम जमलं असं बार्नबी समजायचा. लग्नानंतरही ती उचकी प्रेक्षकांच्या अंगणातून ऐकू यायची.

मग मरीच्या साथीचा उन्हाळा आला. नाटकघरं बंद झाली आणि मंडळी गाडीत सामान घालून खेडोपाडी निघाली. इकडे लंडनला, सदर्कमधल्या घरी बार्नबी-सिसलीची नऊ वर्षांची मुलगी टॅमसिन आठ दिवसांत गेली. नॉर्विचला एका गाडीवानानं बार्नबीला निरोप सांगितला तेव्हा खेळाला अर्धी घटका उरली होती. ढोल वाजला. बार्नबी गेला आणि नाचला.

शरद ऋतूत तो घरी परतला, पण तो नाचल्याची बातमी त्याच्या आधीच पोचली होती. सिसलीनं एकदाच विचारलं, कळल्यावर नाचलास? तो हो म्हणाला. कसा नाचलास, असं तिनं पुढे विचारलं. खरं म्हणजे ते त्यालाही कळलं नव्हतं. या गोष्टीला चार वर्षं झाली. सिसली त्याचं जेवण करी, पायमोजे रफू करी, नक्कलही वाचून दाखवी, पण पाववाल्याचं बिल वाचावं तशी. नाटकघरात तिनं पाऊल टाकलं नाही आणि घरात ती हसली नाही. बार्नबीला या जगात आता एकच गोष्ट हवी होती. ती एकदा उचकी लागेपर्यंत हसावी.

त्या वसंतात नवं नाटक आलं. मालक जर्व्हिस हॉडी यांनी बार्नबीला बाजूला घेऊन तंबी दिली. नकलेबाहेर लोकांशी गप्पा मारण्याची त्याची खोड आता खपणार नव्हती. खुणेचे शब्द आले की आत जायचं, लिहिलंय तेवढं बोलायचं आणि बाहेर यायचं. बार्नबीनं टोपी छातीशी धरून शपथ घेतली.

काम होतं अंडीवाल्याचं. सिसलीनं गुंडाळी उलगडली आणि खुणेचे शब्द वाचले, “माझी मुलगी कुठे आहे?” ती थांबली. मग खालची ओळ वाचली, “अंडी आजचीच आहेत, बाईसाहेब. कोंबडी अजून शोधत हिंडतेय.” तिनं कागद गुंडाळला आणि गुरुवारी आपण नाटकाला येणार असं सांगून टाकलं. बार्नबी इतका गोंधळला की सोललेला कांदा सालींत टाकला आणि साली भांड्यात. का येतेस हे विचारायचं धाडस त्याचं झालं नाही.

गुरुवारी दुपारी दोनला नाटकघरावर खेळाचं निशाण चढलं. पडद्याच्या फटीतून त्याला ती दिसली, खांबाशी, तपकिरी टोपडं घालून उभी. पहिल्या अंकात बायकांची कामं करणारा नॅथनिएल उमरावीण होऊन ओरडला, “माझी मुलगी कुठे आहे?” बार्नबी टोपली घेऊन आत गेला, आपली ओळ बोलला, आणि अंगण हसून लोटपोट झालं. उचकी मात्र आली नाही. तो रंगपटात येऊन पिंपावर बसला. टोपलीतली अंडी खरी होती, कारण संध्याकाळी ती मालकांच्या घरी जायची. ती मोजत तो बसून राहिला. बाहेर तलवारी वाजल्या, कुणीतरी पडलं. त्यात त्याचं काही नव्हतं.

आणि पुन्हा शब्द आले. “माझी मुलगी कुठे आहे?”

बार्नबी उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. नाटकाचं पुस्तक धरून कुणी कधी आत जायचं ते सांगणारा माणूस पलीकडच्या दाराशी होता. एकदा जायचं की दोनदा, हे मालकांनी सांगितलं नव्हतं. शब्द आले की आत जायचं, एवढंच सांगितलं होतं. तो गेला.

त्याला पाहताच लोक हसायला लागले. पण नॅथनिएल जमिनीवर बसला होता, केस सुटलेले, आणि त्याच्या मांडीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेली एक मुलगी होती. काहीतरी भलतंच झालं होतं. कोण मेलं, कशानं मेलं, बार्नबीला काही सांगता आलं नसतं. मग जे पाठ होतं ते तो बोलला. “अंडी आजचीच आहेत, बाईसाहेब. कोंबडी अजून शोधत हिंडतेय.”

हसणं मध्येच तुटलं. लोक अक्रोड फोडायचे थांबले. इतकी माणसं आणि चिडीचूप, असं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. आपण संपलो, असं त्याला वाटलं. त्यानं खांबाकडे पाहिलं. तपकिरी टोपडं खाली झुकलं होतं.

आत येताच मालकांनी त्याची गचांडी धरली आणि पुन्हा सोडली, कारण बाहेर लोक रडत नाक शिंकरत होते.

“चुकलो, मालक.”

“गप्प. उद्याही असाच चूक.”

कौतुक कशाचं होतंय हे त्याला कळेना. त्यानं घाईघाईत शेवटचा नाच उरकला, घुंगरू सोडले आणि तो बाहेर आला. सिसली दाराशी उभी होती. दोघं गटाराच्या कडेनं घराकडे चालू लागली.

“दुसऱ्यांदा आलास, ते नाटकात होतं?” तिनं विचारलं.

हो म्हणावंसं त्याला फार वाटलं. “नाही गं. शब्द ऐकले आणि गेलो. आत काय चाललंय ते ठाऊकच नव्हतं.”

“आणि दिसल्यावर?”

“दिसल्यावर काही सुचेना. पाठ होतं ते बोललो.”

तिनं टोपडं मागे सारलं. “नॉर्विचलाही असंच झालं?”

बार्नबी थांबला. चार वर्षांत हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. “ढोल वाजला गं,” तो म्हणाला. “ढोल वाजला की जायचं. एवढंच मला...”

“मला वाटायचं तू हसत नाचला असशील. आज तुझं तोंड पाहिलं मी. तेव्हाही असंच होतं का रे?”

त्यानं मनापासून विचार केला. “तिथे आरसा नव्हता,” तो म्हणाला.

सिसली हसली. आधी नाकातल्या नाकात, मग रस्त्यातच कुंपणाला धरून, डोळे पुसत, आणि शेवटी तिला उचकी लागली. बार्नबी बघत राहिला. कोणत्या वाक्याला ती हसली हे त्याला समजलं नाही. पण या वेळी त्यानं विचारलं, आणि भलतंच विचारलं.

“सिसली, मी नव्हतो तेव्हा काय काय झालं? मला पहिल्यापासून सांग.”

तिनं उचकी थांबू दिली. मग कुंपणाशी उभं राहून टॅमसिनचे ते आठ दिवस तिनं त्याला पहिल्यापासून सांगितले.