निळ्यांच्या मैदानात पिवळा टी-शर्ट

शुक्रवारच्या खेळांना सगळ्यांनी आपापल्या कॉलेजच्या टीमचा टी-शर्ट घालून यायचं, असा इथल्या मराठी मंडळाचा निरोप फोनवर आला तेव्हा मला फार आनंद झाला. मस्कतला येताना नवऱ्यानं माझा पिवळा टी-शर्ट दोनदा बॅगेतून काढून ठेवला होता आणि मी तो दोनदा परत कोंबला होता. "तीस किलोत हे कशाला?" असं त्याचं म्हणणं. स्वतःची तीन किलो शेंगदाण्याची चटणी मात्र त्याला चालत होती. मी कॉलेजात तीन वर्षं खो-खो खेळले आणि शेवटच्या वर्षी फायनल जिंकून आले. हे मी कुणी न विचारताही सांगायचे.

तरी त्या शुक्रवारी माझा जीव टी-शर्टात नव्हता. मला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती आणि रविवारी रुजू व्हायचं होतं. मुलगी दोन वर्षांची. अल खौदला आमच्या आसपास घरी मुलं सांभाळणाऱ्या दोघींनी जागा नाही म्हणून हात वर केले होते. तिसऱ्या एक ताई होत्या, त्यांच्याकडचं एक मूल आईबापांबरोबर भारतात परत गेलं होतं. फोनवर त्या म्हणाल्या, "शुक्रवारी अमेरातला खेळांना याच. पोरीला पण आणा. बघते आणि सांगते." त्यांनी नाही म्हटलं तर नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं. घरात बसून बसून मी वॉशिंग मशीनशी बोलायला लागले होते. ती नोकरी मला हवी होती, कुणाच्याही पाया पडावं इतकी हवी होती.

अमेरातच्या मातीच्या मैदानापाशी सकाळी सातला गाडी लावली, मी दार उघडलं आणि लगेच परत बंद केलं. समोर सगळं निळं. पोह्यांच्या पातेल्यापाशी निळे, खुर्च्या मांडणारे निळे, चुन्याच्या रेघा मारणारे निळे. तो निळा मी झोपेतही ओळखला असता. आमच्या खाडीच्या पलीकडच्या कॉलेजचा. ज्यांना हरवून आम्ही ती फायनल जिंकली होती, तेच हे.

त्यामागचा प्रकार मला नंतर कळला. त्या गावच्या एकाला इथे एसीच्या कामात फोरमनची जागा मिळाली. त्यानं मेहुण्याला आणलं, मेहुण्यानं दोन चुलतभावांना, त्यांनी आपल्या मित्रांना. कोकणात एकाला व्हिसा मिळाला की पाठोपाठ आख्खी आळी उठते. आमच्या बाजूची आळी बहुतेक कुवेतला उठली असावी, कारण मैदानभर पिवळी मी एकटीच होते.

"मागच्या सीटवर माझा शर्ट आहे, वरून घाल," नवरा म्हणाला. तो नगरचा. त्याला ना खाडी माहीत, ना खो-खो.

"का म्हणून? जिंकलेय मी. चोरी केली नाही."

हे मी गरजेपेक्षा मोठ्यानं म्हटलं. का, ते मला माहीत होतं, पण तेव्हा त्याकडे बघायला वेळ नव्हता. मुलीला कडेवर घेतलं आणि उतरले.

"वहिनींची हळद अजून उतरली नाय वाटतं," पातेल्यापाशी एक निळा म्हणाला. दुसऱ्यानं सांगितलं की पिवळ्यांना पोहे नाहीत, फक्त इथला दाट, दुधाळ करक चहा. मी म्हटलं, "पोहे पण पिवळेच आहेत. ते खाताना बरी लाज वाटत नाही तुम्हाला." त्यावर सगळे हसले आणि मला बशी मिळाली. पण मी ती तशीच खाली ठेवली, कारण पलीकडे खुर्चीवर त्या ताई दिसल्या होत्या. अंगानं भरलेल्या, चष्मा लावलेल्या, मांडीवर गुण लिहायची वही. पायाशी चार पोरं मातीत खेळत होती. आणि अंगात निळा टी-शर्ट.

मी जवळ गेले. माझी पोर कडेवरून सटकली आणि त्या चार पोरांत जाऊन बसली. ताईंनी आधी माझ्या टी-शर्टाकडे बघितलं, बराच वेळ. मग मुलीकडे.

"ताई, ते जागेचं..."

"खेळ होऊ द्या आधी," त्या म्हणाल्या आणि वहीत डोकं घातलं.

मनात आलं, झालं, नोकरी गेली या टी-शर्टापायी. नवऱ्याचं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं? माझा ताठा मला नेहमी असाच महागात पडतो.

सामना निळ्या बायका विरुद्ध उरलेल्या बायका असा होता. उरलेल्या म्हणजे पुणे, ठाणे, नागपूर, जिथून मिळतील तिथून. खांब म्हणून टायरात सिमेंट ओतून लोखंडी पाइप रोवले होते. फोरमन शिट्टी घेऊन पंच झाला होता. "यल्ला, यल्ला, चला, ऊन चढतंय," म्हणून त्यानं आम्हाला बसवलं. आमच्यातल्या निम्म्याजणींना खो कधी द्यायचा हेच आठवत नव्हतं, तरी आम्ही सात गडी बाद केले. आठवी माझ्या हातात आली होती. ताईंच्या खुर्चीसमोरच मी तिच्यामागे धावले, ती वाकली, मी पुढे निघून गेले आणि ती माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर राहिली. खो-खोत एकदा एका खांबाकडे निघालं की खांब येईपर्यंत मागे पाऊल टाकता येत नाही. मी सरळ खांबाकडे गेले आणि ती निसटली. यात सचोटीचा भाग फारसा नव्हता. गुडघे ऐकत नव्हते.

आम्ही हरलो. पाणी प्यायला मी ताईंच्या खुर्चीजवळ टेकले. त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "आज नाही मागे फिरलीस."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. मनातल्या मनात चष्मा काढला, अंगावरचं वजन काढलं, केसांच्या दोन वेण्या घातल्या, आणि मग ओळख पटली. फायनलचं शेवटचं अर्धं मिनिट, दोघांचे गुण सारखे, आणि माझ्यापुढे पळणारी ती किडकिडीत मुलगी. ती वाकली, मी पुढे गेले, आणि मी एक पाऊल मागे टाकून तिच्या पाठीला हात लावला. पंचाचं लक्ष घड्याळाकडे होतं. त्यानं बाद दिली आणि आमच्या पोरींनी मला उचलून घेतलं. ती मुलगी पंचाला ओरडून काहीतरी सांगत होती, पण कुणी तिचं ऐकलं नाही. मी ऐकलं होतं. आणि गप्प बसले होते.

"माझ्या पाठीला हात कुठून लागला ते मला कळणार नाही काय गो?" ताई म्हणाल्या. आता त्यांनी वही मिटली होती. "खरं सांग. मागे आली होतीस ना?"

भोवती निळे गोळा झाले होते. फोरमनही होता. माझी पोर ताईंच्या पायाशी बसून कुणाच्या तरी डब्यातला केळ्याचा तुकडा खात होती. मला वाटलं, नाही म्हणावं. आठ वर्षांपूर्वीच्या एका पावलाचा पुरावा कुठे आहे? हो म्हटलं तर उद्या कोण आपल्या घरी माझी पोर ठेवून घेईल? पण नाही म्हटलं, तर रोज सकाळी या बाईच्या दारात उभं राहून हिच्या डोळ्यांत बघायचं कसं? मला भयंकर भीती वाटली.

"हो," मी म्हटलं. "पाऊल मागे टाकलं होतं. फाऊल होता."

ताई खुर्चीतून उठल्या, पण माझ्याकडे वळल्याच नाहीत. फोरमनकडे वळल्या.

"दादा, ऐकलंस? आठ वर्षं मला सांगतोयस, तू पेंगलीस म्हणून हरलो. आईला पण तेच सांगितलंस. माझ्या लग्नात पण सांगितलंस."

फोरमन त्यांचा सख्खा भाऊ होता. तो मान खाजवत म्हणाला, "आता खलास कर ना तो विषय." ताईंनी खलास केला नाही. त्यांनी तिथल्या तिथे गावी फोन लावून आईला कामातून उठवलं आणि फोन भावाच्या हातात दिला. तो बाजूला जाऊन पडेल आवाजात बोलत राहिला. ताईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मी खाली बघत बसले. माझ्यामुळे या बाईनं आपल्याच घरात आठ वर्षं काय काय ऐकलं होतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी त्यांना म्हटलं, "चुकलं माझं." एवढंच सुचलं.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. मग माझ्या मुलीच्या तोंडाला लागलेलं केळं त्यांनी रुमालानं पुसलं. "भात खाते ना ही? रविवारी सातला आण. कपड्यांचे दोन जोड दे."

"ताई, तुम्ही ठेवून घ्याल?"

"फाऊल तू केलास. पोरीनं काय केलंय?"

गाडीत बसेपर्यंत मी कसंबसं धरून ठेवलं. पट्टा लावला आणि रडू कोसळलं. नवऱ्यानं किल्ली फिरवलीच नाही. तो म्हणाला, "जाऊ दे. दुसरी नोकरी बघू."

"अरे, जागा मिळाली. रविवारपासून."

"मग रडतेस कशाला?"

"ती फायनल आम्ही जिंकलो नव्हतो," मी म्हणाले. हे मोठ्यानं म्हणताना मला इतकं हलकं वाटलं, की अल खौद येईपर्यंत मी ते आणखी दोनदा म्हटलं.