हातावरचा अर्ज

कागद मागितला की सिस्टर डावा हात पुढे करायच्या. मनगटापासून कोपरापर्यंत निळ्या बॉलपेननं लिहिलेलं असायचं. कुणाचा ताप, कुणाची नाडी, इंजेक्शनची वेळ. "कागद हरवतो भाऊ, हात नाय हरवत." छोट्या दवाखान्यात अशी एखादी नर्स तुम्हीही पाहिली असेल. शहापुरातल्या आमच्या ह्या सिस्टर.

एसटी स्टँडाजवळ माझं टायपिंगचं दुकान, शेजारी त्यांचा दवाखाना. किन्हवलीच्या गाडीतून उतरल्या की आधी माझ्याकडे डोकावायच्या. "बीपीची गोळी घेतली का?" नाही म्हटलं, तर घेईपर्यंत दारातून हलायच्या नाहीत. भलतीच हट्टी बाई!

मग डॉक्टरांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं. सिस्टरांचं वय पंचेचाळीस, घर त्यांच्याच पगारावर. मुरबाडच्या एका रुग्णालयात नर्सची जागा निघाली होती. अर्जासोबतचं पत्र मी झटक्यात टाइप केलं. पाठच होतं हो! 'घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून, कृपावंत होऊन नोकरी द्यावी.'

त्यांनी वाचून नाक मुरडलं. "ह्यात मी कुठंय?"

"असंच लिहितात, सिस्टर," मी म्हणालो. माझा शहाणपणा!

पंधरा दिवस झाले तरी काही उत्तर नाही. शेवटी मीच मुरबाडला फोन लावला. तिथल्या मेट्रनबाई हसायलाच लागल्या. "अहो, शहापूरहून सात पत्रं आलीत. सातही जणींची परिस्थिती अत्यंत हलाखीची. आम्ही निवडायची कुणाला?"

सातही माझ्याच दुकानातली. नुसती नावं बदललेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी आहे म्हणून सांगितलं, गयावया केली, तेव्हा बाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत दुसरं पाठवा.

सिस्टरांना सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता माझी खैर नाही. त्या तडक दवाखान्यात गेल्या आणि दुपारी डावा हात भरून लिहून आल्या. "आता हे लिवायचं. जसंच्या तसं."

मी हातावरून वाचत टाइप करत गेलो. तेरा वर्षं एकाच दवाखान्यात. पाड्यावरच्या बायांशी त्यांच्या बोलीत बोलते. तानसाच्या रस्त्यावर जीपमध्ये बाळंतपण केलं, आई-बाळ सुखरूप. आणि अगदी मनगटापाशी: माझं चुकलं तर लगेच डॉक्टरांना सांगते, लपवत नाही.

"ही ओळ कशाला? उगाच शंका घेतील."

"तीच पयली घ्या. पेशंटच्या जिवापुढं माझी लाज मोठी नाय, भाऊ."

मुलाखतीत मेट्रनबाईंनी म्हणे त्याच ओळीवर सगळे प्रश्न विचारले. दोन दिवसांनी सिस्टर दुकानात आल्या आणि हात पुढे केला. 'एक तारीख, सकाळी आठ, मुरबाड.'

हुश्श! डोळे भरून आले, लपवायचे तरी कुठे!

"रडताय काय? बीपी वाढंल ना," म्हणाल्या, पण त्याही पदरानं डोळे पुसत होत्या. जाताना माझंच पेन उचललं आणि माझ्या डाव्या हातावर लिहिलं: गोळी.

ते हलाखीचं पत्र मी कॉम्प्युटरमधून कायमचं पुसून टाकलं. सिस्टर आता मुरबाडला असतात, सकाळी दारात कुणी अडून उभं राहत नाही. हातावरचं अक्षर दोन अंघोळींत गेलं. आता रोज सकाळी दुकान उघडलं की मीच ते पुन्हा लिहितो.