मागे पडणारे तारे

बायपासनंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. आमच्या चिखलीतल्या सोसायटीत बागेभोवती गोल रस्ता आहे. माझ्यासारखेच चाकणच्या कंपन्यांतून रिटायर झालेले चार-पाच जण तिथे संध्याकाळी फेऱ्या मारतात. त्यांच्यासोबत निघालो आणि पहिल्याच वळणावर मागे पडलो. मंडळी थांबून "या राव, सावकाश" म्हणाली, तेव्हा तर जास्तच झोंबलं. शिफ्टमध्ये असल्यांना मी पळवलं, आणि आता हे माझ्यासाठी थांबणार? खाली जाणंच बंद केलं. डॉक्टर रागावले, न चालल्यास पुन्हा दुखणं उलटेल म्हणाले. मी आपला गच्चीवर बसून.

दिवाळीला मुलगी घरी आली. ती दीर्घिकांवर संशोधन करते. एका संध्याकाळी ती माझ्याशेजारी येऊन बसली. चाकणच्या बाजूला धुरकट पिवळा उजेड पसरला होता, एकही तारा दिसत नव्हता, आणि ही ताऱ्यांबद्दलच बोलत होती. आपली आकाशगंगा चकतीसारखी आहे म्हणाली. चकती म्हटल्यावर मी सरसावलो. जन्मभर ब्रेकच्या चकत्या केलेला माणूस मी. चकती फिरली की तिचा कण न् कण एकत्र फिरतो, हे तिला ठासून सांगितलं.

ती हसली. ही चकती तशी अखंड नाही म्हणाली. तिच्यात प्रत्येक जण आपापल्या वाटेनं मध्याभोवती फिरतो. वायूचे ढग एकमेकांवर आदळून निवतात, शहाण्यासारखे गोल जातात. त्यांतूनच तारे जन्मतात, आणि कोवळे असेपर्यंत तेही तसेच जातात. पण तारे एकमेकांवर आदळत नाहीत, त्यामुळे निवतही नाहीत. वाटेत मोठमोठ्या ढगांनी ओढलं, हिसके दिले, ते सगळे त्यांच्या चालीत उतरतात. मग ते जरा आत, जरा बाहेर, वर-खाली डुलत जातात. म्हणून म्हाताऱ्या ताऱ्यांचा घोळका वायूच्या मागे पडतो.

"मागे पडून मग थांबतात?" मी विचारलं.

"नाही बाबा, फिरतच राहतात."

मला गुंगी आल्यासारखं झालं. खालचे दिवे, फिरणारी माणसं, कंपनीच्या बसची दूरवरची घरघर, सगळं एका संथ गतीत मिसळलं. गच्चीही हळूच फिरते आहे असं वाटलं. फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी खाली उतरलो. बायकोही निघाली. मंडळी पुढे गेली, जाऊ दिली. माझा पाय कधी कडेला जाई, कधी मध्ये. थोड्या वेळानं लक्षात आलं, बायको अगदी माझ्या शेजारून चालली होती. लग्न झाल्यापासून बाजार असो की दवाखाना, मी तरातरा पुढे आणि ती पिशवी सांभाळत मागे, अशीच आमची वरात.

"आज फार भराभर चालतेयस," मी म्हणालो.

"मी न्हाई," ती म्हणाली, "तुमीच आत्ता कुठं बरोबर चालाय लागलाय."