मावशीच्या तोंडचं ‘मी’

आमच्या मावशीला साधं ‘चहात साखर घातलीस का?’ विचारलं, तरी ‘मला आठवतंय त्याप्रमाणे घातली आहे’ असं उत्तर यायचं. काका वैतागून म्हणायचे, "अगं, चहा प्यायचाय मला, साक्ष नाही काढायची." आम्ही फिदीफिदी हसायचो. पण धंद्याची सवय अंगात मुरली होती, ती काय करणार? ती एका मोठ्या हॉस्पिटलात दुभाषी होती. डॉक्टर इंग्रजीत बोलायचे आणि परमुलखातून कामाला आलेल्या पोर्तुगीज बोलणाऱ्या माणसांना ते तिने त्यांच्या भाषेत सांगायचं.

माहीत असण्या-नसण्याच्या बाबतीत ती भलती कडक. ‘मला वाटतं’, ‘माझ्या माहितीप्रमाणे’, ‘खात्रीने सांगतो’ या प्रत्येकाला इंग्रजीत जेवढं वजन, तेवढंच पोर्तुगीजमध्ये उतरलं पाहिजे, रतीभरही कमीजास्त नको. इंग्रजी बोलणारा आपली गल्ली हाताच्या पाठीसारखी ओळखतो, पोर्तुगीज बोलणारा तळहातासारखी. असं काही सापडलं की स्वारी खूश. एखाद्या नव्या दुभाष्याने डॉक्टरांचं ‘बहुधा’ गाळलं, तर त्याची खैर नसे.

आणि दुभाष्याने ‘डॉक्टर म्हणतात’ असं म्हणायचं नसतं. डॉक्टर ‘मी’ म्हणाले की आपणही ‘मी’च म्हणायचं. मध्ये कुणी आहे हे ऐकणाऱ्याला जाणवू नये म्हणून. मला हा नियम कधीच पटला नाही.

एकदा बांधकामावरून पडलेल्या तरुण पोराला आणलं. श्वास यंत्रावर चालू होता, मेंदू संपला होता. बाप लांब कुठेतरी बोटीवर, त्यामुळे यंत्र काढायला आईची संमती हवी होती. ती बाई रुमाल पिळत बसली होती. डॉक्टर भले होते, त्यांनी आडवळणं घेतली नाहीत. त्यांचं बोलणं मावशीने सांगितलं, "मला पक्कं माहीत आहे. तो आता उठणार नाही. शंकेची सावलीसुद्धा नाही." हे सावलीचं दोन्ही भाषांत शब्दाला शब्द जुळतं. एरवी ती खूश झाली असती.

बाईने डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. मावशीचा हात धरून तिने विचारलं, तुला नक्की माहीत आहे ना? मावशीने प्रश्न जसाच्या तसा डॉक्टरांना सांगितला आणि त्यांचं ‘हो’ जसंच्या तसं परत दिलं. बाईने सही केली. संध्याकाळपर्यंत पोरगा गेला.

पुढे काही महिन्यांनी भाजीच्या दुकानात ती बाई भेटली. सोबत बोटीवरून परतलेला नवरा होता. मावशीला पाहताच ती नवऱ्याला म्हणाली, "हीच ती. हिलाच माहीत होतं." डॉक्टर तिच्या लेखी त्या खोलीत नव्हतेच. नवरा पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. त्याने हळूच विचारलं, "तुम्हाला पक्कं माहीत होतं ना?"

वळून विचारायला आता डॉक्टर नव्हते. मावशीला मेंदूतलं ओ की ठो कळत नाही. ते शब्द माझे नव्हते, असं सांगून तिला मोकळं होता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण मग त्या आईने कुणाच्या भरवशावर सही केली होती?

"हो," मावशी म्हणाली. "मला पक्कं माहीत होतं."

नवऱ्याने मान हलवली, बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं निघून गेली.

घरी आल्यावर मावशीने हे सगळं मला सांगितलं. चपला तशाच पायात होत्या.

"त्यांना जरा बरं वाटलं असेल," ती म्हणाली. "पण मला काय माहीत होतं गं? आता डोळे मिटले की तो पोरगा उठून बसतो."