राखणीची हाक

महाडला डोळे तपासून मी पोलादपूरला उतरले, तर स्टँडच्या बाकावर हे नव्हते. लग्नापासून असं कधी झालं नव्हतं. चहावाली काशीबाई गाडा सोडून आली, माझी पिशवी आपल्याकडे घेतली आणि म्हणाली, "वहिनी, घरी चला. मास्तर गेलं." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं?"... जेवून ओटीवरच्या खुर्चीत टेकले होते, ते उठलेच नाहीत. महिना उलटला, तरी मला त्या बाकाकडे बघवत नाही.

हे शाळेत इंग्रजी शिकवायचे. क्रियापदांची मुळं उकरायची भारी हौस. घास हातात तसाच आणि हे शब्दाच्या खापरपणजोबापर्यंत पोचलेले! एकदा बस चुकून मला बराच उशीर झाला. "बसून कंटाळलात ना?" म्हटलं, तर म्हणाले, "अगं, 'वेट' म्हणजे मुळात पहारा देणं. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेलं क्रियापद, आणि त्याचं मूळ जागं राहण्यात. नुसतं थांबणं हा अर्थ मागाहून चिकटला. मी राखण करत होतो." "मी काय नाचणीचं शेत आहे?" मी फणकारले. तेव्हा त्यांनी आपल्या गावचं, कुडपणचं सांगितलं. रानडुकरांपासून नाचणी राखायला जो तो आपापल्या माळ्यावर बसे. मधूनच एकानं हाक द्यायची, "हायस का रे?" शेजारच्या शेतातून "हाय!" आलंच पाहिजे. ओ आली नाही तर उठून बघायला जायचं, मग त्या घराशी भांडण का असेना.

निवृत्तीनंतर ती रीत आमच्या घरात शिरली. एरवी शुद्ध बोलणारे हे ओटीवरून हाक मारायचे, "हायस का गो?" आतून मी "हाय" म्हणेपर्यंत पेपरचं पान उलटत नसत. कधी चिडून मी मुद्दाम गप्प राहिले, की काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात हजर. आता घर इतकं गप्प असतं की कुकरच्या शिट्टीनंही दचकते. फार एकटं वाटतं. मुलगा मुंबईहून रोज फोन करतो, जेवलीस का विचारतो. गुणी आहे पोर. पण एक गोष्ट मी त्यालाही सांगितलेली नाही. त्या दुपारी यांनी हाक दिली असेल का... आणि ओ द्यायला घरात मी नव्हते.

काल दिवेलागणीला भाजी निवडता निवडता हात थांबले. ओटीवर ती खुर्ची तशीच, बसून बसून खोल गेलेली. "हाय," मी म्हटलं. मग जरा मोठ्यानं म्हटलं.